फोनवर दोन अंगठ्यांनी शुद्ध मराठी: कीबोर्डची निवड, सराव आणि अवघड अक्षरं

हाताने कागदावर ‘दुसऱ्या’ बिनचूक लिहिणारा माणूस फोनवर ‘दुसर्या’ लिहितो. ‘कृपया’चं ‘क्रुपया’ होतं, ‘दुःख’मध्ये विसर्गाच्या जागी इंग्रजी कोलन येतो, ‘वाङ्मय’ लिहायची वेळ आली की लोक ‘साहित्य’ लिहून मोकळे होतात. यात शुद्धलेखनाचं अज्ञान फारसं नसतं. अक्षर कुठल्या बटणाखाली आहे ते सापडत नाही, एवढंच कारण असतं. शोधण्यात वेळ जातो म्हणून माणूस जवळचं चुकीचं अक्षर टाकून पुढे जातो आणि तीच सवय होते.

हा लेख त्या शोधाशोधीवरचा उपाय आहे. फोन दोन्ही हातांत धरून, दोन्ही अंगठ्यांनी, सुचवलेल्या शब्दांकडे न बघता मराठी कसं टंकायचं आणि ऱ, ॲ, ृ, विसर्ग, ङ अशी अडणारी अक्षरं कशी काढायची, ते इथे क्रमाने दिलं आहे.

कोणता कीबोर्ड घ्यायचा

फोनवर मराठीसाठी साधारण तीन पद्धती मिळतात.

पहिली लिप्यंतराची. रोमन अक्षरं टंकायची आणि वरच्या पट्टीत आलेल्या मराठी शब्दांतून हवा तो निवडायचा. बहुतेक लोक हीच वापरतात, कारण शिकायला काही नसतं. दोन ओळींच्या निरोपाला ती पुरते. पण रोमनमधल्या एका ‘एन’मागे न, ण, ङ, ञ असे चार जण उभे असतात आणि ‘एल’मागे ल आणि ळ. त्यातलं कोणतं हवं ते यंत्र अंदाजाने ठरवतं आणि तुमचे डोळे कायम त्या पट्टीवर राहतात. यंत्राच्या शब्दसंग्रहात नसलेला शब्द आला की गाडी अडते. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी शब्द, गावांची नावं, वाड्यावस्त्यांची नावं, आडनावं: ज्या गोष्टी आपल्यालाच लिहायच्या आहेत, नेमक्या त्याच तिथे नसतात. म्हणून रोज चार परिच्छेद मराठी लिहिणाऱ्याने लिप्यंतर सोडावं, असं माझं ठाम मत आहे. आपल्या भाषेतला कोणता शब्द अस्तित्वात आहे हे सूचनापट्टीने ठरवू नये.

दुसरी पद्धत वर्णमालेच्या क्रमाची. क ख ग घ ओळीने मांडलेले असतात. व्यंजन दाबलं की स्वरांच्या बटणांवर मात्रा दिसू लागतात. ज्येष्ठांना फोनवर मराठी लिहायला शिकवायचं असेल तर हीच उत्तम, कारण अक्षर कुठे असेल हे त्यांना शाळेपासून माहीत असतं. वेगाच्या दृष्टीने मात्र ती मागे पडते. बटणं जास्त, म्हणून बारीक.

तिसरी इनस्क्रिप्ट. संगणकासाठी आखलेला हा आराखडा भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये इस्की या संकेतप्रणालीसोबत मानक म्हणून प्रसिद्ध केला. तो केला होता दोन हातांच्या बोटांसाठी, पण फोनवर दोन अंगठ्यांना तो फार छान लागू पडतो. कारण सोपं आहे. मात्रा डावीकडे आणि बहुतेक व्यंजनं उजवीकडे आहेत, आणि मराठी अक्षर म्हणजे सहसा एक व्यंजन आणि एक मात्रा. उजवा अंगठा, डावा अंगठा, पुन्हा उजवा.

एकाच हाताने लिहावं लागत असेल, म्हणजे दुसऱ्या हातात लोकलचा दांडा किंवा मूल असेल, तर इनस्क्रिप्टचा हा फायदा उरत नाही. अशा वापराला आयआयटी मुंबईत तयार झालेला ‘स्वरचक्र’ नावाचा कीबोर्ड जुळतो. त्यात व्यंजनावर बोट टेकवलं की भोवती मात्रांचं चक्र उघडतं आणि हव्या मात्रेकडे बोट सरकवायचं. एका अंगठ्यासाठी ही कल्पना सुंदर आहे.

आधी फोन नीट लावून घ्या

अँड्रॉइडवर जीबोर्ड असेल तर कीबोर्ड उघडा, दातेरी चाकाच्या चिन्हावरून सेटिंग्जमध्ये जा, ‘भाषा’, मग ‘कीबोर्ड जोडा’, मग ‘मराठी’. इथे घाई करू नका. मराठी निवडल्यावर वरच्या बाजूला वेगवेगळ्या मांडण्यांची चित्रं दिसतात, ती आडवी सरकवून पाहा. ज्या चित्रात डावीकडे मात्रा आणि उजवीकडे व्यंजनं आहेत ती मांडणी हवी. ‘एबीसी’ असं लिहिलेलं चित्र लिप्यंतराचं.

आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, कीबोर्ड, कीबोर्ड्स, ‘ॲड न्यू कीबोर्ड’, मराठी. तिथे देवनागरी आणि लिप्यंतर असे वेगळे पर्याय येतात. देवनागरी घ्या.

हिंदी कीबोर्डवर मराठी लिहू नका. लिपी एकच असली तरी त्याचा शब्दसंग्रह हिंदी असतो, तो मराठी शब्दांना हिंदीकडे ओढायला बघतो. पूर्णविरामाच्या जागी दंड समोर येतो आणि ऱ, ॲ, ळ ही आपली रोजची अक्षरं त्याच्या दृष्टीने किरकोळ असतात.

आणखी तीन गोष्टी. लागत नसलेल्या भाषा काढून टाका. दोनच ठेवल्या, मराठी आणि इंग्रजी, की पृथ्वीगोलाचं बटण एकदा दाबल्यावर नक्की हवी तीच भाषा येते. जीबोर्डमध्ये कीबोर्डची उंची वाढवता येते, ती वाढवा. इनस्क्रिप्टच्या एका ओळीत अकरा बटणं येतात, रुंदी वाढवता येत नाही, मग निदान उंची तरी मिळू द्या. आणि बटण दाबल्यावर होणारी हलकी थरथर सुरू ठेवा. न बघता टंकायला शिकताना तिचा उपयोग होतो.

मांडणी लक्षात ठेवायची युक्ती

बटणांचा तक्ता पाठ करायला बसू नका. त्यामागचा नियम समजला की तक्ता आपोआप बसतो.

मधल्या ओळीत डावीकडून ो, े, ्, ि, ु आणि पुढे प, र, क, त, च, ट. वरच्या ओळीत डावीकडून ौ, ै, ा, ी, ू आणि पुढे ब, ह, ग, द, ज, ड. आता या ओळी एकाखाली एक बघा. डाव्या बाजूला ि च्या डोक्यावर ी, ु च्या डोक्यावर ू, े वर ै, ो वर ौ. म्हणजे खाली ह्रस्व, वर दीर्घ किंवा दुहेरी. उजव्या बाजूला क वर ग, त वर द, च वर ज, ट वर ड, प वर ब. म्हणजे खाली कठोर व्यंजन, वर त्याच वर्गातलं मृदू. शिफ्ट दाबलं की क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध. मात्रांच्या जागी शिफ्टने पूर्ण स्वर येतात: ा चा आ, ी चा ई, आणि हलन्तच्या, म्हणजे अक्षराचा पाय मोडणाऱ्या ् च्या, बटणावर अ. बालवाडीत शिकलेली वर्णमालाच इथे घडी घालून ठेवली आहे.

खालच्या ओळीत अनुस्वार, म, न, व, ल, स, य. इथे शिफ्टने म चा ण, ल चा ळ, स चा श होतो. ष आणि ञ यांच्या जागा फोनगणिक बदलतात, त्या एकदा शोधून ठेवा. खालच्या ओळीतला म आणि अनुस्वार डाव्या बाजूला पडतात, त्यामुळे ‘मी’ किंवा ‘मामा’ लिहिताना सगळं काम डाव्या अंगठ्यावर येतं. या आराखड्याची ही एक खरी अडचण आहे, आणि ती सवयीनेच सुटते.

हेच स्थान संगणकावरच्या इनस्क्रिप्टमध्येही आहे. शिवाय कन्नड, गुजराती, तेलुगूच्या इनस्क्रिप्टमध्ये क च्या जागी त्या लिपीचा क असतो. बेळगाव किंवा सोलापूरकडे दोन लिप्यांत लिहिणाऱ्यांना एकाच कष्टात दोन्ही साधतात.

सराव असा करा. पहिले दोन दिवस फक्त मधली आणि वरची ओळ, शिफ्टशिवाय: काका, दादा, बाबा, पाटी, कापूर, गाडी, बाजार, तारा. ‘पाटी’ हा पहिल्या दिवशी घोटण्यासारखा शब्द आहे: प उजवा, ा डावा, ट उजवा, ी डावा. अंगठे आळीपाळीने पडू लागले की हात योग्य वळणावर आहे. मग खालची ओळ, मग शिफ्ट. शिफ्ट डावीकडे असल्यामुळे ‘ख’साठी डावा अंगठा शिफ्टवर आणि उजवा क वर, ही जोडी मुद्दाम घोटा. जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. रोज पंधरा मिनिटं दिली तर साधारण दोन आठवड्यांत शोधाशोध थांबते. त्या काळात वेग आधीपेक्षा कमी होणार, हे धरून चाला. लिप्यंतराचा कीबोर्ड तेवढे दिवस काढूनच टाका, नाहीतर घाईत हात तिकडे जातो.

टंकायचा क्रम उच्चाराचा

टंकलेखन यंत्रावर शिकलेल्यांचा हात ह्रस्व वेलांटी आधी मारतो, कारण ती डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे फोन आणि संगणक ज्या संकेतांत अक्षरं साठवतात त्यात, दिसण्याचा क्रम नसून बोलण्याचा क्रम असतो. ‘कि’ म्हणजे आधी क, मग ि. रफार अक्षराच्या डोक्यावर शेवटी बसतो, पण बोलताना र आधी येतो, म्हणून तो आधीच टंकायचा.

‘विद्यार्थी’ हा शब्द सावकाश करून बघा: व, ि, द, ्, य, ा, र, ्, थ, ी. शिफ्ट सोडून दहा दाब. र आणि ् दाबल्यावर ‘विद्यार्’ असं अर्धवट दिसतं, तेव्हा गडबडू नका. थ पडला की र उडी मारून त्याच्या डोक्यावर जातो. (साध्या एसएमएसमध्ये देवनागरी मजकुराला ७० अक्षरांची मर्यादा असते. तिथे यातली प्रत्येक मात्रा आणि हलन्त वेगळा मोजला जातो, म्हणजे या एका शब्दाने दहा जागा घेतल्या.)

चूक सुधारतानाही हाच क्रम उपयोगी पडतो. बहुतेक फोनांवर खोडायचं बटण एका वेळी एकच खूण खोडतं. ‘र्थी’मधली वेलांटी चुकली तर एकदाच खोडा, थ जागेवर राहतो. कर्सर जोडाक्षराच्या पोटात मात्र ठेवता येत नाही. तो अक्षराच्या शेवटी ठेवून मागे खोडत यावं लागतं. कर्सर हलवायला मजकुरावर बोट टेकवत बसू नका. जीबोर्डवर स्पेसबारवर अंगठा आडवा सरकवा, आयफोनवर स्पेसबार दाबून धरून सरकवा.

अडणारी अक्षरं

*ऱ्य आणि ऱ्ह.* सगळ्यात जास्त चुका इथे होतात. यासाठी साधा र चालत नाही, पोटाखाली ठिपका असलेला ऱ लागतो. इनस्क्रिप्टमध्ये तो र च्या बटणावर शिफ्टने येतो, काही फोनांवर र दाबून धरल्यावर. ‘दुसऱ्या’: द, ु, स, ऱ, ्, य, ा. ऱ नंतर हलन्त दिला की ठिपका जातो आणि य च्या आधी ती मराठी वळणाची छोटी चंद्रकोर येते. ऱ सापडतच नसेल तर र टंकून त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचा ठिपका) द्या, बहुतेक ठिकाणी तोच ऱ तयार होतो. हा फरक केवळ सौंदर्याचा नाही. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर गुरुजी येतील, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर स्वयंपाकी. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. कऱ्हाड, वऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाड, तऱ्हा, बिऱ्हाड या सगळ्यांना हाच ऱ लागतो, आणि माणसाच्या आडनावात तो नीट यायलाच हवा.

*ॲ.* ॲप, ॲसिड, ॲम्ब्युलन्स. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये वर्णमाला अद्ययावत केली, त्यात ॲ आणि ऑ यांना स्वरांमध्ये जागा दिली. त्याआधी लोक अ ला वरून चंद्र जोडत, आणि तशी लिहिलेली ‘अ‍ॅप’ आजही सगळीकडे आहेत. दिसायला दोन्ही सारखे, पण शोधताना एक लिहिलं तर दुसरं सापडेलच असं नाही. आपला कीबोर्ड कोणतं देतो ते तपासायचं असेल तर अक्षर टंकून एकदा खोडा. पूर्ण अक्षर गेलं तर तो खरा ॲ. नुसता चंद्र जाऊन अ उरला तर जोडलेला. हिंदीतला ऍ हा ए वर चंद्र असतो, तो मराठीत वापरू नका. ॲ सहसा अ किंवा ए दाबून धरल्यावर मिळतो.

*बँक, लँड, हँडल.* इथे चंद्रबिंदू ँ हे एक बटण वापरता येतं, किंवा ॅ आणि अनुस्वार असे दोन दाब देता येतात. मी चंद्रबिंदूच्या बाजूने आहे: एकच दाब, आणि फाँट कोणताही असो, ठिपका चंद्रातच बसतो. तुम्ही काहीही निवडा, पण एका लेखात एकच ठेवा.

*ृ आणि र च्या इतर तऱ्हा.* कृपया, कृती, हृदय, वृत्त, गृहिणी यांत ृ ही मात्रा आहे आणि ती इतर मात्रांसारखी व्यंजनानंतर टंकायची. ‘क्रु’ टंकण्यापेक्षा ‘कृ’ला दोन दाब कमीच लागतात. ‘हृदय’ आणि ‘ह्रस्व’ एकामागून एक लिहून बघा: पहिल्यात ह, ृ, दुसऱ्यात ह, ्, र. बटणं हाताला माहीत झाली की हा गोंधळ कायमचा जातो. ‘कॢप्ती’तली ॢ मात्रा बहुधा ृ दाबून धरल्यावर सापडते. नसेल तर खाली सांगितलेली सोय करा.

*विसर्ग.* दुःख, अंतःकरण, स्वतः, निःशब्द. विसर्ग हे अक्षराला चिकटलेलं चिन्ह आहे, कोलन हे विरामचिन्ह. कोलन टाकलं की यंत्राला ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन तुकडे दिसतात. शब्दशोधक तो शब्द ओळखत नाही आणि कधीकधी ओळ तिथेच तुटते. विसर्गाचं बटण बहुधा अनुस्वाराखाली दडलेलं असतं. अनुस्वार दाबून धरा किंवा शिफ्ट देऊन बघा.

*ज्ञ, क्ष, ङ.* ज्ञ आणि क्ष यांना वेगळं बटण असलं तर ठीक, नसलं तर ज, ्, ञ आणि क, ्, ष. ङ हा ह च्या बटणावर शिफ्टने. ‘वाङ्मय’ म्हणजे व, ा, ङ, ्, म, य. त्यात ड आणि अनुस्वार घालून ‘वांड्मय’ करू नका.

*पाय मोडलेलं दाखवायचं असेल तर.* ‘उद्घाटन’मध्ये द आणि घ एकमेकांत न मिसळता ‘उद्‌घाटन’ असं दिसावं, असं वाटत असेल तर हलन्तनंतर ‘झिरो विड्थ नॉन-जॉइनर’ नावाचं अदृश्य अक्षर लागतं. पाठ्यपुस्तक किंवा मुलांसाठीचा मजकूर असेल तर ते जरूर वापरा. एरवी टाळा, कारण न दिसणारं हे अक्षर शोधात आडवं येतं.

ल आणि श यांची वळणं हिंदीसारखी दिसत असतील तर मात्र कीबोर्डमध्ये शोधू नका. अक्षर तेच आहे, वळण फाँट ठरवतो. फोनची भाषा मराठी केल्यावर काही फाँट ती वळणं आपोआप बदलतात.

न सापडणाऱ्या अक्षरांची कायमची सोय

जे अक्षर किंवा शब्द पुन्हा पुन्हा अडवतो त्याला लघुरूप द्या. जीबोर्डमध्ये सेटिंग्ज, शब्दकोश, वैयक्तिक शब्दकोश, मराठी, आणि अधिकच्या खुणेवर दाबा. वरच्या रकान्यात हवा तो शब्द, खालच्या रकान्यात लघुरूप. लघुरूप टंकलं की पूर्ण शब्द सूचनापट्टीत येतो. आयफोनवर हेच जनरल, कीबोर्ड, ‘टेक्स्ट रिप्लेसमेंट’मध्ये असतं आणि तिथे स्पेस दिल्यावर शब्द आपोआप बदलतो. ॢ, ऽ, ॐ, ते अदृश्य अक्षर, तुमचं ऱ असलेलं आडनाव, सोसायटीचं लांबलचक नाव असं काहीही इथे ठेवा. लघुरूप मात्र असं निवडा की ते स्वतः शब्द नसेल. ‘का’ हे कधीच लघुरूप करू नका, ‘कखक’ चालेल.

रोमन लिपीतल्या खुणांचीही गरज काहींना पडते. गोव्यात जुनी पोर्तुगीज नावं लिहिताना ‘ए’वर लाटेसारखी रेघ लागते, जर्मनीत राहणाऱ्याला ‘यू’वर दोन ठिपके, फ्रेंच नावांना ‘ई’वर तिरपी रेघ. इंग्रजी कीबोर्डवर तो स्वर दाबून धरा, डोक्यावर खुणा असलेली रूपं ओळीने उघडतात, बोट न उचलता हव्या त्या रूपावर सरकवा. संस्कृत शब्द रोमनमध्ये शास्त्रीय पद्धतीने लिहिणाऱ्यांना दीर्घ स्वरावरची आडवी रेघ अशी मिळते. ट, ड, ण यांच्यासाठी अक्षराखाली ठिपका लागतो, तो सहसा मिळत नाही. त्यांना वरची लघुरूपाचीच सोय करावी लागते.

लांब मजकुराचा कच्चा खर्डा बोलून घालायलाही हरकत नाही. मायक्रोफोनचं बटण मराठी बऱ्यापैकी ऐकतं. विरामचिन्हं, ण-न आणि विशेषनामं मागाहून हाताने दुरुस्त करा, आणि ती करताना इनस्क्रिप्टचा सरावही होतो.

बाहेरचा कोणताही नवा कीबोर्ड टाकताना अँड्रॉइड इशारा देतो, की तुम्ही टंकलेलं सगळं, पासवर्डसकट, तो गोळा करू शकतो. हा इशारा खरा आहे. नुसत्या सुंदर रंगांसाठी किंवा स्टिकरांसाठी अनोळखी कीबोर्ड घेऊ नका. घेतलाच असेल तर बँकेचं ॲप उघडण्यापूर्वी फोनच्या मूळ कीबोर्डवर या.